'ठीक आहे' म्हणजे किती ठीक?

आपल्या घरांत तब्येतीची विचारपूस केली की उत्तर ठरलेलं असतं, "अल्हम्दुलिल्लाह, ठीक आहे." शुक्र अदा करणं ही चांगलीच सवय. पण नैराश्याच्या आजारात या एका वाक्याआड बरंच काही दडून राहतं, हे आमच्या चाचींच्या आजारपणात आम्ही घरच्यांनी जवळून पाहिलं.

चाची शिवणकाम करत. चाचांच्या इंतकालनंतर त्यांनी मशीनला हात लावणं सोडलं. झोप उडाली, अन्नावरची वासना गेली. मानसोपचारतज्ज्ञांनी पीएचक्यू-९ नावाचा नऊ प्रश्नांचा तक्ता भरून घेतला. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, झोप कशी, भूक कशी, असे प्रश्न. एकूण गुण २७. जितके जास्त, तितका आजार मोठा. चाचींना १७ आले. औषधं आणि समुपदेशन सुरू झालं, चार महिन्यांनी गुण ६ वर उतरले. घरात सगळ्यांना हायसं वाटलं.

डॉक्टर म्हणाले, "लक्षणं उतरली. आता जगणं किती परत आलं ते पाहू." त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची दुसरी प्रश्नावली दिली. ती जीवनाची गुणवत्ता मोजते. शरीर, मन, माणसांशी नाती आणि भोवतालची परिस्थिती असे तिचे चार भाग. इथे गुण जास्त तितकं चांगलं, आणि उत्तर ज्याचं त्यानेच द्यायचं.

छापील हिंदी चाचींना जड जात होती, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही प्रश्न घरच्या उर्दूत वाचून दाखवले. वैवाहिक संबंधांविषयीचा एक प्रश्न असतो, तो तिथल्या सिस्टरबाईंनी एकांतात विचारला. झोपेबद्दल चाची समाधानी होत्या. "गरजा भागवण्यापुरता पैसा आहे का?" या प्रश्नावर थांबल्या आणि म्हणाल्या, "बिलकुल नाही."

घरात त्यांना खाण्या-कपड्याची, औषधाची ददात नव्हती. पण त्या म्हणाल्या, "बेटा, हे सगळं तुमचं. नवाशीला ईदी द्यायची तरी तुमच्याकडे मागावी लागते." मैत्रिणींच्या आधाराबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "कपडे शिवायला यायच्या तेव्हा बसायच्या. आता कोण येतं?" मग हळूच विचारलं, "असं लिहिलं तर नाशुक्री तर नाही ना होणार?" आम्ही म्हटलं, हजरत याकूब (अ.) यांनी यूसुफ (अ.) यांच्या विरहात रडून रडून डोळे गमावले, त्यांना कुणी नाशुक्र म्हणतं का?

या प्रश्नावलीत चारही भागांचे गुण वेगवेगळे ठेवतात, त्यांची एक बेरीज करत नाहीत. शिक्षक म्हणून आम्हाला हे फार पटलं. उर्दूत ८० मिळाले म्हणून गणितातले २० भरून निघत नाहीत. चाचींचं शरीर सावरलं होतं. नाती आणि परिस्थिती हे दोन 'विषय' मागे होते. दोन्हींची दोरी त्या शिलाई मशीनला बांधलेली होती.

औषधं चालूच राहिली. डॉक्टरांच्या सल्ल्याने मशीन दर्शनी खोलीत आणलं, रोज एक तास काम ठरलं. आधी शेजारच्या मुलांचे गणवेश, मग हळूहळू सलवार-कमीज. शिलाईचे पैसे चाचींच्याच बटव्यात जातात. सहा महिन्यांनी पुन्हा प्रश्नावली भरली तेव्हा परिस्थितीच्या भागात चांगली वाढ होती, नात्यांच्या भागात थोडी. उदास दिवस अजूनही येतात.

वाचक बहीण-भावांनो, प्रश्नावली डॉक्टरांकडे असते, पण तिच्यासारखे छोटे, नेमके प्रश्न आपल्याकडेही असू शकतात. या आठवड्यात कुणाशी बोलावंसं वाटलं? स्वतःच्या मर्जीने काय केलं? हातात स्वतःचे पैसे आहेत का? उत्तर काळजी वाटण्यासारखं असेल तर डॉक्टरांकडे जा, किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. सेवा मोफत आहे, दिवस-रात्र चालते. अल्हम्दुलिल्लाह जरूर म्हणावं. त्यानंतरचं वाक्य ऐकायला घरात कुणीतरी बसलेलं असावं.