मुखपृष्ठावरचं विमान

दोस्तांनो, परवा भाचा चैत्यभूमीवरनं एक पुस्तक घेऊन आला. पातळ, गुळगुळीत. बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा', मराठीतलं. मुखपृष्ठावर काय असावं? विमान! खाली पासपोर्ट, त्यावर गोल शिक्का, आणि ढगात तरंगणारे निळ्या सुटातले बाबासाहेब. भाचा म्हणतो, "मामा, बाबासाहेब अमेरिकेला गेले त्याची गोष्ट हाय का ही?"

मी हसलो. मग हसू घशात अडकलं.

अरे, आपण राहतो दौलताबादेत. त्या पुस्तकातली एक हकिकत आपल्या दारातली. १९३४ साल, निजामाचं राज्य, रमजानचा महिना. बाबासाहेब तीसेक माणसांसंगं वेरूळला निघालेले. वाटेत किल्ला बघायला उतरले. तोंडं धुळीनं माखलेली. दरवाज्याशी पाण्यानं भरलेला हौद. काहींनी हात-पाय-तोंड धुतलं. झालं! एक म्हातारा मुसलमान ओरडत आला, हौद बाटवला म्हणून. बघता बघता जमाव. हिंदूंना जो अस्पृश्य, तो मुसलमानांनाही अस्पृश्यच. शेवटी किल्ल्यात सोडलं, तेही हत्यारी शिपाई संगं देऊन. आत कुठं पाण्याला शिवू नये म्हणून! कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला, १९२७ ला महाडच्या तळ्याचं पाणी प्यालेला माणूस. त्याला हौदाच्या कडेवर व्हिसा नव्हता.

आता सांगा, ह्यात विमान कुठून उतरलं? चित्रकारानं पुस्तक उघडलंच नाही. नाव वाचलं, व्हिसा म्हणजे विमान, काम खलास. बाबासाहेबांनी लिहून ठेवलेलं हे दुःख पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९९० साली पुस्तिका करून लोकांपुढं आणलं. ते आता विमानाखाली दडपलं.

आपणही धुतल्या तांदळाचे नाही. 'रुपयाचा प्रश्न' असो की 'जातिनिर्मूलन', आपला सूर्य तोच, तुटकी साखळी तीच. पूर्वी ब्लॉकला पैसा नसायचा, म्हणून एकच ब्लॉक दहा पुस्तकांवर फिरायचा. आज कसली अडचण?

मी स्वतः स्टेन्सिलवर लोखंडी टोकानं मुखपृष्ठं कोरलीत. उगवता सूर्य काढला, तर पोरं म्हणाली, भाकर करपली. साखळी काढली, ती जिलबी झाली. उगारलेल्या मुठीला सहा बोटं. शाई पसरली की बोधिवृक्षाची बाभळ! नागसेनवनात आठ दिवस तोंड लपवून फिरलो. पण एक सांगतो, आतलं पान न् पान मी वाचलेलं असायचं. टाईप मीच केलेलं ना!

रविवारी भाच्याला किल्ल्याच्या दरवाज्याशी बसवलं आणि ती हकिकत मोठ्यानं वाचून दाखवली. ऐकता ऐकता त्यानं पाण्याची बाटली उघडली, तशीच हातात धरून बसला. घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

रात्री त्यानं पुस्तकाला खाकी कागद चढवला आणि बॉलपेननं चित्र काढलं. हौद कमी, परात जास्त. शिपायाची बंदूक वाकडी, बाबासाहेबांचा चष्मा कपाळावर. पण पाणी मात्र निळंशार, काठोकाठ, आणि त्यापासून चार हात लांब उभी केलेली माणसं.

ते चित्र ह्या अंकाच्या मुखपृष्ठासाठी संपादकांना धाडलंय. हसा खुशाल. हसून झालं की पान उलटा.

जयभीम.