थरांवर थर



मुलीकडे जर्मनीला गेले होते, तिथून दोन दिवस प्राग पाहिलं. राजवाडा, पूल सगळं सुंदरच, पण मनात राहिली ती तिथली जुनी ज्यू दफनभूमी. "स्मशान काय बघायचं गं?" असं सासूबाईंनी फोनवर विचारलंच.

जागा लहानशी आणि दगड सुमारे 12,000! एकमेकांवर रेललेले, दाटीवाटीने. सर्वांत जुना 1439 चा. ज्यूंना पुरेशी जागा मिळत नव्हती, आणि पुरलेल्या माणसाला हलवायचं नाही हा त्यांचा धर्मनियम. मग जुन्या कबरींवर माती टाकायची, वर नवी कबर, आणि खालचा दगडही वर आणून उभा करायचा. काही ठिकाणी बारा थर आहेत म्हणतात. दुसऱ्या जोसेफ बादशहाने शहरात दफनाला बंदी घातली, तेव्हा 1787 मध्ये हे थांबलं.

दगडांवर खुणा आहेत. कोहेन म्हणजे पुरोहित घराण्याला आशीर्वादाचे दोन हात, लेवींना पाण्याची सुरई. फुलं कुणी वाहत नाही, कबरीवर खडा ठेवतात. रब्बी लोव (मृत्यू 1609) यांच्या कबरीवर तर खड्यांखाली लोकांच्या चिठ्ठ्याही असतात. आपल्याकडच्या नवसासारखंच म्हणा ना!

मला खरं धरून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीने. प्रागमध्ये 1564 पासून अंत्यसेवेचं एक मंडळ होतं, 'खेव्रा कादिशा'. ज्यू समाजात गावोगाव अशी मंडळं असतात. बाईला शेवटची आंघोळ बायकाच घालतात. गरीब असो की श्रीमंत, पांढरं साधं वस्त्र एकच, त्याला खिसा नाही. (अपरिग्रह आठवला की नाही?) आणि बाहेर पडताना हात धुवायचे.

माझी आई गेली तेव्हा मावशी आणि शेजारच्या दोन काकूंनी तिला आंघोळ घातली. मी कोमट पाणी ओतत होते. काय करायचं, कपडा कसा गुंडाळायचा, सगळं त्यांना ठाऊक होतं. आज त्या तिघीही नाहीत.

मुलगी तिथेच बाकावर बसून म्हणाली, "मम्मी, तुझ्या वेळी कोण येईल? मला तर काहीच येत नाही."

म्हणून विचारतेय. आपल्या महिला मंडळात हे काम कुणाकुणाला येतं? पर्युषणाआधी एका दुपारी माझ्याकडे जमू या. चौविहारवाल्यांसाठी लवकर आटोपू.