टोळी कुणाला म्हणता?

आमच्या वस्तीतली चार पोरं नाक्यावर उभी राहिली की ती 'टोळी' ठरते. सोसायटीच्या गेटवर उभी राहणारी मात्र मित्रमंडळी! म्हणूनच शिकागोच्या 'यंग लॉर्ड्स'चा इतिहास आम्हाला परका वाटत नाही.

१९६० च्या सुमारास लिंकन पार्क भागात पोर्तो रिकोहून आलेल्या कुटुंबांतील पोरांनी ही टोळी उभी केली. गोऱ्यांच्या टोळ्या त्यांना रस्त्यात गाठून मारत. त्यातच शहर 'सुधारणेच्या' नावाखाली या कुटुंबांची घरं उठवली जात होती. (पुनर्विकास हा शब्द आपल्याला नवा आहे का?) या पोरांनी मारामाऱ्या केल्या, तुरुंगात गेली. ते आम्ही झाकणार नाही. पण प्रश्न एवढाच, की एकत्र न येता त्यांनी जगायचं कसं होतं?

१९६८ मध्ये त्यांचा म्होरक्या होसे 'चा चा' हिमेनेझ तुरुंगात वाचू लागला. बाहेर येऊन त्याने त्याच पोरांची संघटना बांधली. त्यांनी चर्च ताब्यात घेऊन पाळणाघर चालवलं, मोफत दवाखाना काढला, ब्लॅक पँथरच्या फ्रेड हॅम्पटनशी आघाडी केली. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांनी घरात घुसून हॅम्पटनला गोळ्या घातल्या. तो २१ वर्षांचा होता.

त्याच ब्लॅक पँथरवरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं, हे आपण अभिमानाने सांगतो. आज जयंतीच्या मिरवणुकीला नाक्यावरची पोरं हवी असतात, अभ्यासवर्गाला त्यांना बोलावतं कोण? निवडणूक आली की प्रस्थापितांचे दादा मात्र त्यांना नावानिशी हाक मारतात.