भिंतीतले भोक

बोईसरहून तारापूरकडे जाताना समुद्र दिसण्याआधी तो गंजातून जाणवतो. खिडक्यांचे गज, कड्या, सायकलींच्या साखळ्या, सगळ्यांवर त्याची सही असते. हौशी रेडिओच्या नादी लागलेल्या माणसाला गच्चीवरच्या तारेच्या जोडातही ती लवकरच सापडते.

ती तार खोलीत आणायची म्हणजे भिंतीला एक भोक पाडायचे, एवढेच प्रथम वाटते. भोकाला बाहेरच्या बाजूने उतार ठेवला, आत शिरण्याआधी केबलला खाली झोल दिला, की पावसाचे पाणी झोलातूनच ठिबकून जाते. पावसाची सोय इतकी सोपी आहे. "वीज काय आमंत्रण देऊन घरात घ्यायची?" या माझ्या आईच्या प्रश्नाचे उत्तर मात्र झोलात नाही, आणि प्रश्न अगदी शास्त्रशुद्ध आहे.

विजेचा प्रवाह साधारण ३० हजार अँपिअरचा असतो आणि काही मायक्रोसेकंदांतच चढतो. एवढ्या घाईच्या प्रवाहाला वळण सोसत नाही, म्हणून अर्थिंगची पट्टी रुंद, आखूड आणि सरळ हवी. केबल बाहेरच्या भिंतीवरून जोत्यापर्यंत उतरवावी, तिथे तिची बाहेरची जाळी जमिनीशी जोडावी, अरेस्टर बसवावा आणि मगच ती आत घ्यावी. रेडिओचे अर्थिंग 'स्वतंत्र आणि शुद्ध' ठेवण्याचा आग्रह अनेक जण धरतात. मला तो घातक वाटतो. घरच्या मीटरचे अर्थिंग आणि हे, दोन्ही जाड तांब्याने जोडलेली नसली तर वीज पडताना दोहोंत हजारो व्होल्टचा फरक पडतो, आणि तो भरून निघतो टेबलावरच्या यंत्रातून, क्वचित त्यावर हात ठेवलेल्या माणसातून. (खड्ड्यात कोळशाबरोबर आपण मीठच घालतो, वर जोड खाणारेही तेच!)

इतके करूनही ढग गडगडू लागले की केबल सोडवून बाहेर ठेवावी लागते. संकटकाळचे साधन ऐन वादळात मुके करायचे, हे नवख्याला पटत नाही. पण २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरला भारती प्रसाद यांच्या हौशी केंद्राने निरोप पोहोचवले, ते लाट येऊन गेल्यावर. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसू लागले आणि लोकांनी थंडीच्या रात्री घराबाहेर काढल्या, तेव्हापासून माझी सोडवलेली केबल जोत्यापाशी झाकणाच्या डब्यात, पुन्हा जोडायला दोन मिनिटे लागतील अशी असते.