दिंडी दरवाजा

वाडा पाहायला जावे आणि वाडाच दिसू नये, असा अनुभव पुण्याच्या शनिवारवाड्यात येतो. दिसतात ते पाच दरवाजे, नऊ बुरूज आणि त्यांना जोडणारी तटबंदी. आत हिरवळ आणि जोती. माणसे राहत होती ते सारे फेब्रुवारी १८२८ च्या आगीत गेले; माणसांना अडवण्यासाठी जे बांधले होते, तेवढे मात्र राहिले. इतिहासाची ही थट्टाच नव्हे काय?

इतिहास विभागाच्या सहलीत मी दिल्ली दरवाजा प्रथम पाहिला. थोरल्या बाजीरावांनी वाड्याचा पाया १० जानेवारी १७३० ला घातला, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला झाली. तटबंदी पुढे नानासाहेबांच्या काळात पुरी झाली. खाली दगड, वर वीट. दरवाजाच्या फळ्यांवर हत्तीच्या मस्तकाच्या उंचीला अणकुचीदार खिळे आहेत. आत शिरताच वाट वळते, फौजेला सरळ घुसता येऊ नये म्हणून. केवढा हा बंदोबस्त! पण ३० ऑगस्ट १७७३ रोजी अठरा वर्षांच्या नारायणरावांचा याच वाड्यात खून झाला, तो परक्या फौजेकडून नव्हे. पेशव्यांच्याच पगारावरच्या गारद्यांनी तो केला, आणि ज्या चुलत्याकडे ते जीव वाचवायला धावले, त्याच चुलत्याच्या पक्षाचे ते गारदी होते. खिळे बाहेरच्या अंगाला होते. घाव आतून आला.

हे सारे मनात घोळण्याचे कारण आमच्या घरातच होते. आम्ही उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये राहतो. दुसऱ्या महायुद्धातली ही लष्करी छावणी. १९४७ नंतर सिंधमधून आलेली कुटुंबे तिच्या बराकींत उतरली आणि ८ ऑगस्ट १९४९ ला तिचे उल्हासनगर झाले. आमचे घर अशाच एका बराकीतले. बराकीला तट नाही, वेस नाही. शेजारची सिंधी अम्मा अंगणातून थेट आमच्या स्वयंपाकघरात येते. हातात गरम कोकी असते, किंवा नुसतीच काहीतरी तक्रार. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे दुखतात, पण एक दिवस चुकत नाही.

यंदा आमच्या अंगणातून सायकल चोरीला गेली आणि बाबांनी भिंत घालून लोखंडी फाटक बसवायचे ठरवले. त्यांचे चुकले असे कसे म्हणू? सायकल त्यांनी ओव्हरटाइम करून घेतली होती. पण भिंत झाली की अम्माला रस्त्याने वळसा घालून यावे लागणार. ते तिला जमणार नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. बोलत कोणीच नव्हते.

अम्माला विचारले, तेव्हा ती हसली. शिकारपूरच्या तिच्या घराचा सागवानी दरवाजा उघडायला दोन माणसे लागत, म्हणाली. निघताना वडिलांनी त्याला कुलूप लावले होते. "भिंत घाला बेटा, चोर फार झालेत," एवढे बोलून ती तांदूळ निवडायला लागली.

तेव्हा मला दिल्ली दरवाजाची उजवी फळी आठवली. तिच्यात एक लहानसा दिंडी दरवाजा आहे. एवढे अवाढव्य दार रोज कोण उघडणार? एकेका माणसाने वाकून आत यायचे, ते या दिंडीतून. आपण चित्रे काढतो खिळ्यांची, पण वाडा जिता राहिला असेल तो या दिंडीच्या जोरावर, असे मला वाटते.

मी बाबांना म्हटले, भिंत घाला, पण अम्माच्या बाजूला एक दिंडी ठेवा. बाबा बराच वेळ गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी गवंड्याला त्यांनी अडीच फुटांची जागा सोडायला सांगितली. गवंड्याने विचारले, "कडी कुठल्या अंगाला?"

बाबांनी आईकडे पाहिले. आई म्हणाली, "तिच्या."