आजीचा दमा आणि तिथची लाईन

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याचा आमच्या मोहाडीच्या घरी एकच ठळक उपयोग आहे. औषधाच्या खोक्यावरचं, खताच्या पोत्यावरचं, बँकेच्या पत्रावरचं बारीक इंग्रजी वाचायचं काम माझं! त्यामुळे आजी-आजोबा पहिल्यांदाच अमेरिकेला, न्यू जर्सीच्या आत्याकडे जाणार हे ठरलं, तेव्हा त्यांची मशीनंसुद्धा माझ्याच गळ्यात पडली.

मशीनं दोन. आजीला दमा आहे. धान चुरायच्या दिवसांत कोंडा आणि तणसाची धूळ उडाली, की तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागतो. तिच्यासाठी नेब्युलायझर. आजोबांचा झोपेत मधूनच श्वास थांबतो, म्हणून त्यांना रात्री नाकावर मास्क लावून सीपॅप. घरच्यांचं मत पक्कं होतं : सीपॅप महागाचं आणि नाजूक, ते प्रवासात बिघडेल. नेब्युलायझर मिक्सरसारखं दणकट, ते कुठेही चालेल.

नागपूरला बर्डीवरच्या एका दुकानदाराने तर प्रश्नच मिटवला. "हा युनिव्हर्सल ॲडॉप्टर घ्या भाऊ, जगात कोठीबी चालते."

मित्रांनो, इलेक्ट्रिकलवाल्यांनी इथे थोडं थांबा. ॲडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो. आपल्या गोल पिना तिथल्या दोन चपट्या फटींत बसतात, एवढंच. आतून येणारी वीज मात्र तिथलीच राहते. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. (जपानची तर वेगळीच गंमत. व्होल्टेज १००, पण टोकियोला ५० हर्ट्झ आणि ओसाकाला ६०! १८९० च्या दशकात एका शहराने जर्मनीच्या एईजीची यंत्रं घेतली, दुसऱ्याने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकची. तो घोळ अजून मिटलेला नाही.)

मी दोन्ही मशीनं उलटी केली. सीपॅपच्या ॲडॉप्टरवर लिहिलेलं : इनपुट १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ. म्हणजे आपल्या लॅपटॉपच्या चार्जरसारखंच. आत एसएमपीएस आहे. बाहेर काहीही असो, तो मशीनला हवा तेवढा डीसी देतो. याला खरोखरच फक्त पिना बदलणारा तुकडा पुरे. नेब्युलायझरच्या पोटाखाली मात्र एकच ओळ होती : २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. यात मोटार सरळ लाईनवर.

आता मशीन्सच्या पेपरातला नियम आठवा. इंडक्शन मोटारचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. १२० भागिले २३०, त्याचा वर्ग केला की सुमारे ०.२७. चार आण्यांचा जोर! कॉम्प्रेसर घुंऽऽ करेल, तापेल आणि औषधाची वाफ काही येणार नाही. व्हायवात हे सांगून मार्क मिळतात. रात्री दोन वाजता परक्या गावात आजीला धाप लागली असताना हे कळणं म्हणजे काय, याचा विचार करून मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आजीने विचारलं, "काऊन बाबू, थेथची लाईन आपल्यापेक्षा अलग रायते का?"

तिला मी मोहाडीचंच उदाहरण दिलं. उन्हाळी धानाला पाणी द्यायला शिवारातले सगळे पंप एकदम सुरू झाले, की घरचं व्होल्टेज १७० वर येतं. वर्गाचा हिशेब केला तर मोटारचा जोर निम्म्याच्या थोडा वर. अशा संध्याकाळी आजी म्हणते, "आज मशीनलेच दमा झाला." सीपॅपला मात्र १७० आणि २३० मधला फरक कळतसुद्धा नाही. म्हणजे अमेरिकेची परीक्षा ते आमच्या घरी कधीच पास झालेलं होतं!

दुकानदाराकडे हलका 'कन्व्हर्टर'ही होता. तसले वजनाने हलके, स्वस्त कन्व्हर्टर केस वाळवायच्या यंत्रासारख्या हीटरवाल्या वस्तूंसाठी असतात, औषधाच्या मशीनसाठी नाही. खरा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लोखंडाचा, जड; तो व्होल्टेज वाढवतो, पण फ्रिक्वेन्सी ६० ची ६०च. म्हणून भंडाऱ्याच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी प्रवासासाठी इनहेलर आणि स्पेसर दिला. त्याला लाईनच लागत नाही. आत्याने तिथल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने तिथलंच १२० व्होल्टचं नेब्युलायझर आधीच आणून ठेवलं. चिठ्ठीबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो : आपलं साल्ब्युटामॉल अमेरिकेत अल्ब्युटेरॉल या नावाने ओळखतात. औषध तेच. दोन्ही नावं लिहून घेतली.

सीपॅप आणि औषधं हातातल्या बॅगेत गेली. मोठी बॅग हरवली तर लुगडी उसनी मिळतील, आजोबांचा मास्क कोण देणार?

पहिल्या रात्रीनंतर फोन आला. आजोबा घोरले नाहीत, म्हणून आजीला झोप आली नाही! सवय हो, दुसरं काय.

आता ते परत यायच्या बेतात आहेत आणि आत्याचा निरोप आलाय, "तिथलं मशीन जुनं झालंय ना, हे नवीन आईसोबत पाठवते." मी कळवलंय, नका पाठवू. १२० चं मशीन आपल्या २३० वर लावलं तर व्होल्टेजच्या वर्गाने पावणेचार पटीच्या आसपास मामला जातो. पहिल्याच मिनिटाला धूर. स्टेप-डाऊन लावला तरी ६० च्या मोटारला ५० हर्ट्झ मिळणार, कोअर सॅच्युरेट होऊन ती तापत राहणार. ते मशीन तिथेच कपाटात ठेवा, पुढच्या खेपेला लागेल. आजीने फोन घेऊन विचारलं, "मंग धान चुरासाठी जुनंच का?" म्हटलं, जुनंच. फिल्टर बदलून ठेवलाय.