हत्यारांचा फळा

विमान कंपनीत 36 वर्षे नोकरी केलेल्या माणसाजवळ सांगण्यासारखे किस्से पुष्कळ असतील, असा सर्वसाधारण समज असतो. अण्णांजवळ ते फारसे नव्हते. घरात पाहुणे जमले आणि कोणी हौसेने विमानांचा विषय काढला, की ते थोडा विचार करीत आणि म्हणत, "तसं काही घडलं नाही कधी." पाहुण्यांची निराशा होई. त्या एका वाक्यात अण्णांच्या साऱ्या नोकरीचा अभिमान भरलेला आहे, हे घरातल्या माणसांनाही फार उशिरा उमगले. जे घडू नये ते घडू न देणे, हेच तर त्यांचे काम होते. आणि अशा कामाची बातमी कधी होत नाही.

अण्णा मूळचे सोलापूरचे. घर मध्यमवर्गीय जैन, वडिलांचा सुताचा लहानसा व्यवहार. आयटीआयचे शिक्षण पुरे करून ते मुंबईला गेले आणि इंडियन एअरलाइन्सच्या देखभाल विभागात लागले. सोलापूरच्या जैन घरातून विमानांकडे गेलेला आपण काही पहिला नव्हे, असे ते गमतीने म्हणत. याच गावात 1882 मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी 1940 मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना उभा केला होता. "शेटजींनी कारखाना काढला, आम्ही नटबोल्ट आवळले, एवढाच काय तो फरक," हे त्यांचे ठरलेले वाक्य.

कंपनीत 1976 मध्ये एअरबस ए-300 आले, 1989 मध्ये ए-320 आले. अण्णांच्या हाताखालून दोन्ही गेली. काम बहुतांशी रात्रीचे. दिवसभर उडून आलेली विमाने सांताक्रूझला रात्री मुक्कामाला उभी राहत आणि पहाटेपर्यंत त्यांची तपासणी चाले. चाकांची झीज, ब्रेक, तेलाची पातळी, कुठे थेंब गळतो आहे का, सारे बॅटरीच्या उजेडात पाहायचे. विमानाचा वेग मोजणाऱ्या बारीक नळ्यांवर रात्री आवरणे चढवतात आणि त्यांना लांब लाल फिती लावतात, म्हणजे सकाळी ती काढायची राहू नयेत. 1996 च्या ऑक्टोबरमध्ये पेरू देशातील एक बोइंग विमान समुद्रात कोसळले आणि 70 माणसे गेली. विमान धुताना हवेचा दाब मोजणाऱ्या छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहिली होती. वैमानिकांना आपण किती उंचीवर आहोत, किती वेगाने जात आहोत, हेच कळेना. ही हकीकत मात्र अण्णा सांगत, आणि सांगताना त्यांचा आवाज खाली येई. ती दुसऱ्याची चूक होती म्हणून नव्हे. ती कोणाच्याही हातून होण्यासारखी होती म्हणून.

हत्यारांच्या फळ्याचा संस्कार त्यांच्यावर त्याच कामाने केला. फळ्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असते; पाना घेतला की त्याची रिकामी आकृती दिसत राहते. काम संपल्यावर एकही आकृती रिकामी राहता कामा नये. राहिली, तर ते हत्यार सापडेपर्यंत विमान सोडायचे नाही, मग प्रवासी खोळंबोत की साहेब रागावोत. पुढे घरातही हेच झाले. काळिन्याच्या वसाहतीतील दोन खोल्यांत कात्री, सुई-दोऱ्याचा डबा, मुलांचे कंपासपेटीतले सामान, सगळ्याच्या जागा ठरलेल्या. पत्नी वैतागून म्हणत, "मी काय विमान आहे?" अण्णा हसत, पण कात्री जागेवर ठेवीत.

रात्रपाळीच्या माणसाचा संसार उलटा असतो. मुले शाळेला निघत तेव्हा अण्णा घरी पोहोचत, आणि झोपण्यापूर्वी मुलांना शाळेच्या फाटकापर्यंत सोडून येत. दुपारपाळी असली की सूर्यास्तापूर्वी हँगरच्या एका कोपऱ्यात डबा उघडत. सहकारी आधी चेष्टा करीत, नंतर तेच घड्याळ पाहून "शेठ, सूर्य चालला" अशी हाक मारू लागले.

कर्मचाऱ्यांना विमानाचा पास मिळे, पण जागा उरली तरच. त्यामुळे या कुटुंबाच्या प्रवासांच्या आठवणी बऱ्याचशा न झालेल्या प्रवासांच्या आहेत. 1993 च्या डिसेंबरात श्रवणबेळगोळला गोमटेश्वराचा महामस्तकाभिषेक होता. आई, पत्नी, दोन मुले यांना घेऊन अण्णा विमानतळावर गेले, तर बंगळूरच्या विमानात दोनच जागा शिल्लक. त्यांनी आई आणि पत्नी यांना बसवून दिले आणि दुसऱ्या सकाळी मुलांना घेऊन उद्यान एक्सप्रेस पकडली. दुपारी गाडी सोलापुरात आली तेव्हा धाकटा भाऊ फलाटावर उभा होता, हातात कडक भाकरी, लसूण न घातलेली शेंगाची चटणी आणि दह्याचा गडू. दिवस मावळण्याआधी पोरांचे जेवण व्हावे म्हणून तो कारखाना सोडून आला होता. ऐनवेळी तोही तसाच गाडीत चढला, अंगावरच्या कपड्यांनिशी. दोघा भावांचे असे होते. पुढे जे झाले ते समजण्यासाठी हे ठाऊक असलेले बरे.

एरवी अण्णांची खरी गाडी म्हणजे सिद्धेश्वर एक्सप्रेस. आयुष्य विमानांत घालवलेला हा माणूस आपल्या गावी कायम रेल्वेनेच आला.

निवृत्तीनंतर ते सोलापूरला परतले. भावाची टॉवेलची शेड अक्कलकोट रोड एमआयडीसीत होती. त्या वसाहतीत शिरले की आधी कानांवर मागांचा आवाज येतो. मग नाकात सुताचा आणि तेलाचा वास. मराठी, तेलुगू, कन्नड एकाच वाक्यात नांदतात. 'अण्णा' हा शब्द तिथे तिन्ही भाषांचा, त्यामुळे घरातले अण्णा दोन दिवसांत साऱ्या शेडचे अण्णा झाले. भावाने त्यांच्यासाठी कार्यालयात खुर्ची मांडली. ते तिच्यावर आठवडाभर बसले असतील. मग एके सकाळी जॉबरच्या टेबलाजवळ दिसले; जुन्या प्लायवूडवर पाने, पकडी आणि हातोडी ठेवून पेन्सिलीने आकृत्या काढीत होते. मागवाले हसले. महिन्याभराने हत्यार शोधण्यात जाणारा वेळ वाचू लागला, तेव्हा हसणे थांबले.

रोज संध्याकाळी ते शेडमधून एक फेरी मारीत, मान खाली घालून. पडलेला खिळा, तुटलेली कांडी, तेलाने भिजलेले बोळे, मागांखाली साठलेली तूस, सगळे उचलून डब्यात. धावपट्टीवरही अशीच फेरी घालतात. 2000 साली पॅरिसजवळ काँकॉर्ड विमान जळून 113 माणसे गेली, त्याचे मूळ धावपट्टीवर पडलेल्या दीड फुटाहून लहान अशा एका धातूच्या पट्टीत होते. ती आधीच्या एका विमानाची होती. मुनिमहाराज चार हात जमीन पाहून पाऊल टाकतात, त्या ईर्यासमितीविषयी एकदा प्रवचनात ऐकून घरी येताना अण्णा म्हणाले होते, "आम्हाला हे कंपनीने शिकवलं, पगार देऊन." बोलण्यात थट्टा होती, पण फार नव्हती. पायाखाली जीव मरू नये म्हणून पाहणे आणि चाकाखाली काही राहून जीव जाऊ नयेत म्हणून पाहणे, या दोहोंत त्यांना अंतर दिसत नसे.

मतभेद झाला तो घरावरून. भावाने शेडच्या वर खोल्या बांधायचे ठरवले. त्यात वावगे काहीच नव्हते. वसाहतीत अनेक कुटुंबे अशीच राहतात. भाडे वाचते, रात्री मालावर लक्ष राहते, मागणी आली की पहाटे माग सुरू करता येतात. एक खोली खास अण्णा-वहिनींसाठी, पूर्वेकडे खिडकी असलेली. नकाशा पाहून अण्णांनी एवढेच विचारले, "दुसरा जिना कुठे आहे?"

दुसरा जिना नव्हता. जागा नव्हती, पैसेही नव्हते.

विमानाला मान्यता देताना निम्मी दारे बंद धरून, अंधारात, 90 सेकंदांत सगळी माणसे बाहेर पडतात हे सिद्ध करावे लागते. अण्णांनी ते समजावून सांगितले. भाऊ म्हणाला, "अण्णा, विमान आकाशात असतं. ही शेड जमिनीवर आहे. इथून माणूस चालत बाहेर पडतो."

"चालत बाहेर पडायला वाट लागते," अण्णा म्हणाले.

खोल्या झाल्या. वास्तुशांतीला अण्णा सगळ्यांत आधी हजर होते, पंगतीत वाढत होते. पण राहायला गेले नाहीत. शहरात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिले. ज्याने उभा जन्म कुटुंब एकत्र ठेवण्यासाठी रेल्वेचे डबे झिजवले, त्यानेच घर मोडले, असे नातलगांत बोलले गेले. भावजयीला ते अपमानासारखे वाटले. दोघे भाऊ शेडमध्ये रोज भेटत, कामाचे बोलत, आणि घराविषयी एक अक्षर काढीत नसत. वरची ती पूर्वेकडची खोली तशीच कुलूपबंद राहिली. हट्ट अण्णांचा होता की भावाचा, हे बाहेरच्या माणसाला ठरवता येणे कठीण. दोघेही एकमेकांवरच्या मायेनेच अडून बसले होते, एवढे मात्र खरे.

18 मे 2025 रोजी पहाटे याच वसाहतीतील एका टॉवेल कारखान्याला आग लागली. आठ जण गेले. त्यांत कारखान्याचे मालक होते, त्यांच्या घरातली माणसे होती, एक तान्हे मूल होते, कामगार होते. कुटुंब कारखान्यातच राहत होते. धूर दूरवरून दिसत होता. त्या रविवारी सोलापुरात ज्यांची माणसे एमआयडीसीत होती, त्या प्रत्येक घरात फोन वाजत राहिले.

अण्णा सोमवारी शेडवर गेले. भाऊ दारातच उभा होता. अण्णा काही बोलले नाहीत. वर गेले, झोपण्याच्या खोलीच्या उंबऱ्यात उभे राहिले, डोळे मिटले आणि एक हात भिंतीला लावून चालू लागले. ओठ हलत होते, पावले मोजत होते. जिना उतरून तळाशी आले आणि टॉवेलच्या गठ्ठ्यावर आपटले. 75 वर्षांचा माणूस. पडताना भावानेच सावरले. मग भावाने तो गठ्ठा स्वतः ओढत बाहेर नेला, पाठोपाठ दुसरा, तिसरा. हमाल धावत आला, त्याला त्याने हातानेच थांबवले. अण्णा पुन्हा वर गेले आणि पुन्हा डोळे मिटून उतरले. या वेळी भाऊ त्यांच्या मागून चालला. त्यानेही डोळे मिटले होते, असे जॉबर सांगतो.

"तेव्हाच सांगितलं होतं," हे वाक्य अण्णांनी त्या दिवशी उच्चारले नाही. नंतरही कधी नाही.

जून महिन्यात सोलापूरहून गोव्याला विमान सुरू झाले. दसऱ्याच्या सुमारास भावाने दोन्ही घरांची तिकिटे काढली. जागा नक्की असलेले विमानाचे तिकीट हातात घेण्याची अण्णांची ही जवळजवळ पहिलीच वेळ. ते त्यांनी तीनदा उलटून पाहिले. छोटे पंख्याचे विमान, चढायचे मागच्या दाराने, याची त्यांना गंमत वाटली. चढण्यापूर्वी चाकाशी क्षणभर रेंगाळले तर तेथल्या मुलीने "आजोबा, पुढे चला" म्हटले. जागेवर बसल्यावर सवयीने दारापर्यंतच्या रांगा मोजल्या. पलीकडे पाहिले, तर भावाचे बोटही खुर्च्यांवरून सरकत होते. वहिनींनी हे पाहिले आणि त्या खिडकीकडे वळल्या.

दुसऱ्या जिन्याचा प्रश्न राहिलाच होता. मिस्त्रीने चारही बाजू पाहिल्या. तीन बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती नाहीतर विजेचे खांब. बाहेरून लोखंडी जिना लागू शकेल अशी जागा एकच निघाली, ती पूर्वेची. अण्णांच्या खोलीची खिडकी फोडून तिथे दार करावे लागणार होते, आणि तसे केले तर त्या खोलीत कोणाला कधी राहता येणार नव्हते. भावाने हे अण्णांना सांगताना मान वर केली नाही. अण्णांनी विचारले, "दार बाहेरच्या बाजूला उघडेल ना?"

दिवाळीनंतर जिना बसला. त्यानंतर काही आठवड्यांनी, साध्या तापाचे निमित्त होऊन, णमोकार मंत्र ऐकत अण्णांनी डोळे मिटले. त्यांची पत्नी आता भावाच्या घरीच राहते, मधल्या खोलीत. पूर्वेच्या खोलीचे कुलूप काढून टाकले आहे. भाऊ रोज रात्री झोपण्यापूर्वी तिथे जातो, दार एकदा ढकलून उघडून पाहतो आणि परत लावतो. मागच्या महिन्यात सुनेने तिथे पापड वाळवण्यासाठी एक खाट टाकली होती. सासऱ्यांनी ती न बोलता उचलून गच्चीवर नेऊन ठेवली.